चि. नियमास, शेजारणीकडून अनेक आशीर्वाद

कोथरूड, पुणे

चि. ‘अ‍ॅडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह’ नियम यास,


तुझा जन्म ९ जुलै २०१२ चा, लंडनचा. घराणं मोठं, ब्रिटनचं गृहखातं. थेरेसा मे तेव्हा गृहमंत्री होत्या आणि बाहेरून येणाऱ्या माणसांची निव्वळ भर वर्षाला लाखाच्या आत आणायची, असा कॅमेरून सरकारचा संकल्प होता. त्या संकल्पाच्या पोटी तू आलास. म्हणजे वयाने माझ्या नातवाएवढा, म्हणून अरेतुरे करते आहे. राग मानू नकोस.

तू मला ओळखत नाहीस. मी मात्र तुझ्याकडे कामाला आहे, तेही बिनपगारी. परदेशातल्या म्हाताऱ्या आईला किंवा वडिलांना ब्रिटनमधल्या मुलाकडे कायमचं राहायला जायचं असेल, तर त्यांच्या देशात त्यांचं करणारं कोणी नाही, हे तुला पटवून द्यावं लागतं. ‘कोणी’ म्हणजे कोण कोण, ते तू तुझ्या अधिकाऱ्यांना मार्गदर्शिकेत समजावून दिलंस: मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नातवंड, लांबचे नातेवाईक, मित्र, शेजारी. यातलं कोणीच नसेल तर घरकामाची बाई, नर्स किंवा वृद्धाश्रम. वाचत वाचत मी ‘शेजारी’पाशी आले आणि थबकले. माझी नेमणूक कधीच झाली होती, फक्त मला कोणी कळवलं नव्हतं.

काम मला नवीन नाही म्हणा. आमच्या इमारतीत ज्यांची मुलं बाहेर आहेत, त्यांच्या घराच्या किल्ल्या माझ्या दाराआड खिळ्याला टांगलेल्या असतात. कोणाची शुगर रात्री घसरते, कोणाचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला अडतो कारण म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, कोणाला मोबाइलवरचा मुलगा दिसतो पण ऐकू येत नाही. हे सगळं मी आनंदाने करते. फक्त इतके दिवस वाटत होतं की मी शेजारधर्म पाळते आहे. ब्रिटनच्या इमिग्रेशन धोरणाची अंमलबजावणी करते आहे, हे तुझ्यामुळे कळलं. आभारी आहे.

तुझ्याआधी जो नियम होता, तो काही फार मायाळू होता असं नाही. वय ६५ च्या वर हवं, पैशासाठी मुलावर अवलंबून असायला हवं, आणि आधाराला जवळचा दुसरा नातेवाईक नको, अशा अटी त्यालाही होत्या. पण त्या अटींत बसणारी बाई आपल्या पायांनी विमानात चढू शकत होती. तू आलास आणि म्हणालास की पायांनी चढता येतंय ना, मग कशाला येता?

तुझी परीक्षा एकदा मोठ्याने वाचून बघ. पहिला पेपर असा की वय, आजार किंवा अपंगत्व यामुळे रोजच्या साध्या गोष्टींसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागायला हवी. अंघोळ, कपडे घालणं, स्वयंपाक, हे स्वतःला जमता कामा नये. गुडघे दुखतात, घर खायला उठतं, नातवंडांना मांडीवर घ्यायचंय, याला गुण नाहीत. दुसरा पेपर असा की ही मदत मुलाने पैसे पाठवूनही मायदेशी मिळता कामा नये, किंवा परवडता कामा नये. तिसरा मुलाने सोडवायचा. पाच वर्षं सरकारी मदतीचा एक पेनी न घेता मी आईला सांभाळीन, असं हमीपत्र त्याने द्यायचं. अर्ज परदेशातूनच करायचा. पाहुणी म्हणून आलेल्या आईने तिथे राहून तो करायचा नाही. फी तीन हजार पौंडांच्या वर, आणि नापास झालं तर ती परत नाही. अंघोळ न जमणारी बाई व्हिसा केंद्रात ठसे द्यायला आणि तिथून नऊ-दहा तासांच्या विमानात कशी पोचते, हा प्रश्न तुझ्या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

दुसऱ्या पेपरसाठी तुला पुरावे लागतात, आणि तेही नेमके कोणाचे ते ठरलेलं आहे. इथे काळजी मिळत नाही, असं आरोग्य खात्याने, स्थानिक प्रशासनाने किंवा डॉक्टरने लिहून द्यायचं. पुणे महापालिकेत असा दाखला मागायला गेलेला माणूस मी डोळ्यांसमोर आणते. “साहेब, आपल्या शहरात म्हाताऱ्यांचं कोणी करत नाही, एवढं लेटरहेडवर द्या.” तो आधी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर जाईल, तिथून त्याला नागरी सुविधा केंद्रात पाठवतील, तिथे कोणीतरी विचारेल, “नमुना कितवा?” आणि राहता राहिला डॉक्टर. पुण्यात काळजी मिळत नाही असं पुण्यातल्याच डॉक्टरने सहीशिक्क्यानिशी लिहायचं, म्हणजे आपल्या दवाखान्याच्या पाटीवर स्वतःच डांबर फासायचं.

आता तुझी उदाहरणं घेऊ. अधिकाऱ्यांना तू समजावा म्हणून ती दिलेली आहेत. त्यातला एक म्हातारा माझ्या मनातून जात नाही. वय ८५, अफगाणिस्तानात एकटा राहतो. नजर फार अधू झाली आहे, पडतो, एका पडण्यात खुब्याची शस्त्रक्रिया झालेली. एकुलता मुलगा ब्रिटनमध्ये. तो पैसे पाठवतो, त्यातून रोज एक माणूस येऊन म्हाताऱ्याला अंघोळ घालतो, कपडे चढवतो, जेवण करून ठेवतो. निकाल काय? अपात्र. कारण मुलाने सोय केलेली आहे. हा म्हातारा मी रचलेला नाही, तुझ्याच पानांतला आहे. आणि कुठला, तर २०१२ सालच्या अफगाणिस्तानातला, जिथे तुझ्याच देशाचे सैनिक चिलखत घातल्याशिवाय रस्त्यावर उतरत नव्हते. तिथे काळजीची सोय आहे म्हणतोस, तर कोथरूडचं काय घेऊन बसलास! कोथरूड म्हणजे तुझ्या लेखी स्वर्गच.

तरी तुझ्या पद्धतीने माझंही एक उदाहरण लिहून घे. एक काकू, वय ८२, पुण्यात एकट्या. पार्किन्सन्स आहे, हात थरथरतात, नाडी बांधता येत नाही. एकुलता मुलगा ब्रिटनमध्ये डॉक्टर, आता तिथलाच नागरिक. त्याच्याकडे पैसे आहेत, तर तू म्हणणार की त्या पैशात पुण्यात बाई ठेवता येते, तेव्हा आईने यायचं कारण नाही. त्याच्याकडे पैसे नाहीत, तर तू म्हणणार की तुझं हमीपत्र टिकत नाही, तेव्हा आईने यायचं कारण नाही. पंगतीत जेवून आलेल्याला भूक नाही म्हणून वाढायचं नाही, आणि उपाशी आलेल्याला ताटाचे पैसे देता येत नाहीत म्हणून उठवायचं, अशी ही वाढपाची रीत. शिवाय वर म्हणायचं की पंगत सर्वांना खुली आहे! २०१७ साली ‘ब्रिटसिट्स’ या संघटनेने तुला लंडनच्या अपील न्यायालयात खेचलं होतं. न्यायालयाने तुला वैध ठरवलं. काळजी पुरेशी आहे का हे बघताना माणसाच्या मनाची गरजही बघावी लागेल, एवढं मात्र त्यांनी तुला सुनावलं. ते तू ऐकून घेतलंस, आणि अटी होत्या तशाच ठेवल्यास.

पुण्यात काळजी ‘मिळते’ असं तू धरून चालतोस, तर ती कशी मिळते तेही सांगते. इथे ब्युरो असतात. ब्युरोला फोन करायचा, डिपॉझिट भरायचं, मग बारा तासांची किंवा चोवीस तासांची मावशी येते. बहुतेकदा ती मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेली, स्वतःची मुलं गावी सासूपाशी ठेवून. प्रशिक्षण म्हणजे आधीच्या घरातल्या आजोबांवर झालं तेवढंच. ती चांगली निघाली तर तिला दुसरीकडे जास्त पगार मिळतो आणि ती जाते. चांगली नाही निघाली तर आपण ब्युरोकडे ‘रिप्लेसमेंट’ मागतो. नवी येते, आणि काकूंना पुन्हा एका अनोळखी बाईसमोर कपडे उतरवावे लागतात. गावी लग्न निघालं, यात्रा आली, दिवाळी आली की मावशी चार दिवसांचं सांगून जाते आणि फोन बंद लागतो. त्या दिवसांत यादीतला पुढचा माणूस कामाला लागतो, म्हणजे मी. मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे. काकू न्हाणीघरात पडल्या तर त्यांना उचलायला मी वाकेन खरी, पण मग आम्हा दोघींना उचलायला कोण, हे तुझ्या यादीत लिहिलेलं नाही. आमच्या इमारतीत तू ज्यांना ‘शेजारी’ म्हणतोस, ते सगळे साठीच्या पुढचे आहेत. तरुण शेजारी होते ना, ते तुमच्याकडे नोकरीला गेले.

आमच्या सरकारच्या भरवशावर तू बसला असशील, तर तेही ऐक. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्न कितीही असो. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. सकाळी उठवून तोंड धुवायला लावणारा माणूस त्या कार्डावर मिळत नाही. घरातल्या दीर्घ शुश्रूषेचा खर्च आमच्याकडे कुटुंबाने करायचा असतो, आणि कुटुंबाने करावा म्हणून २००७ साली कायदाही झाला. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलाला न्यायाधिकरण महिना दहा हजार रुपयांपर्यंत द्यायला लावू शकतं. म्हणजे बघ, आमचा कायदा मुलाला म्हणतो आईला सांभाळ, आणि तू म्हणतोस सांभाळ, पण लांबून. मुलगा दोन्ही कायदे पाळतो. पुरती सांभाळली न जाणारी एकटी आईच उरते.

तुझ्या जन्माचं कारण काय सांगितलं होतं? करदात्यांवर भार नको, एनएचएसवर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, भार नको, वृद्धांच्या सरकारी शुश्रूषेवर भार नको. कारण अगदी रास्त आहे. म्हणून तू काय केलंस? जी ६६ वर्षांची बाई स्वतः अंघोळ करते, स्वयंपाक करते, दोन नातवंडांना शाळेतून आणेल आणि ज्या पाळणाघराच्या बिलाने तिथले आईबाप रडकुंडीला येतात ते बिल वाचवेल, तिला तू दारातून परत पाठवलंस. आणि अगदी मोजक्यांसाठी जी फट ठेवलीस, ती ज्यांना अंघोळीलाही माणूस लागतो त्यांच्यासाठी. खर्च वाचवण्यासाठी सगळ्यात खर्चिक तेवढ्यांनाच पात्र ठरवायचं! एवढं डोकं लागतं म्हणून तर साम्राज्य चालवलंत.

एनएचएसचं नाव निघालंच आहे, तर थोडा इतिहास सांगते. तो तुला कोणी शिकवला नसेल. एनएचएस सुरू झाली ५ जुलै १९४८ ला. पुढच्या काही दशकांत वृद्धांच्या आजारांचं जे स्वतंत्र शास्त्र तुमच्याकडे उभं राहिलं, त्याकडे तुमचे स्वतःचे डॉक्टर फारसे फिरकत नव्हते. जुन्या गरीबखान्यांच्या (वर्कहाउसच्या) इमारतींतले ते लांबच लांब वॉर्ड, त्यात वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं. ना प्रतिष्ठा, ना खासगी कमाई. तिथे मोठ्या संख्येने उभे राहिले ते भारत, पाकिस्तान, श्रीलंका इथून आलेले डॉक्टर. कारण हव्या त्या शाखेत त्यांना जागा मिळत नव्हती. तुमच्या आजोबांना अंथरुणातून उठवून चालतं केलं ते या लोकांनी. त्यांचे वारस आजही रात्रपाळ्या करतात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने आणि भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या ‘बापिओ’ने तुझ्याविरुद्ध आवाज उठवला तो म्हणूनच. दिवसभर दुसऱ्याच्या आईचा वॉर्ड सांभाळून संध्याकाळी स्वतःच्या आईला मोबाइलवर विचारायचं, “मावशी आली का गं?” ही नोकरीची अट असल्याचं जाहिरातीत छापलेलं नव्हतं.

तुझी भावंडंही तुझ्यासारखीच गुणी निघाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तुमच्याकडच्या वृद्धाश्रमांना माणसं मिळेनात, तेव्हा परदेशी शुश्रूषकांना व्हिसा खुला झाला. बाहेरच्या देशांतल्या बायका आपली घरं सोडून तुमच्या म्हाताऱ्यांना भरवायला आल्या. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना नवरा आणि मुलं आणायला बंदी झाली. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या शुश्रूषकांची भरतीच बंद. म्हणजे आमच्या हातांनी तुमचं म्हातारपण निभावायचं, पण त्या हातांमागचं माणूस आणि त्या माणसामागचं घर दिसता कामा नये.

आणि उलट्या दिशेचा प्रवास? तो तर तुमच्याकडे पडद्यावर गाजला. ज्या २०१२ सालच्या जुलैत तू जन्मलास, त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल’ लागला. पेन्शन पुरत नाही म्हणून ब्रिटिश म्हातारे जयपूरला येऊन राहतात. मॅगी स्मिथची म्हातारी येते ती खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी, कारण मायदेशी रांग लांब. प्रेक्षकांना ते फार गोड वाटलं. आम्हालाही वाटलं, पाहुणा म्हातारा असला तर आमच्याकडे त्याला आधी खुर्ची देतात. पण चित्रपटात एक गोष्ट सांगायची राहिली. भारतात येऊन राहिलेल्या ब्रिटिश निवृत्तांची सरकारी पेन्शन गोठते. पहिल्यांदा ज्या दराने मिळाली किंवा इथे आले तेव्हा जो दर होता, तो मरेपर्यंत तोच. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान इथेही तसंच. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये गेलात तर मात्र दर वर्षी वाढते. २००० साली आठवड्याला ६७ पौंड ५० पेन्सची पूर्ण मूळ पेन्शन घेऊन जो इथे आला, तो आजही तेवढ्यावरच आहे. ब्रिटनमध्ये राहिलेल्या त्याच्या समवयस्काला २०२५-२६ मध्ये १७६ पौंड ४५ पेन्स मिळत होते. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या अ‍ॅनेट कार्सन या बाईंनी हे प्रकरण थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात नेलं. २०१० साली त्या हरल्या.

आता हे दोन धागे जोडून बघ. समज, काकूंचा मुलगा तीस वर्षं तिथे राबला, पगारातून नॅशनल इन्शुरन्स भरत राहिला. आई तिथे जाऊ शकत नाही, तेव्हा तोच निवृत्त होऊन पुण्याला आला. शहाणा मुलगा. त्याने तुझा एनएचएसवरचा भार वाचवला, वृद्धाश्रमाचा खर्च वाचवला, निव्वळ आकड्यातूनही एक माणूस कमी केला. बक्षीस काय? त्याची पेन्शन पहिल्या दिवशीच्या दरावर गोठली. आईने मुलाकडे जायचं नाही, आणि मुलगा आईकडे आला तर दर वर्षी थोडा गरीब होत जाईल. यात चूक शोधायला मी दोनदा हिशेब केला. चूक नाही, तुमचं गणित पक्कं आहे.

इतर देश काही संत नाहीत. ऑस्ट्रेलियात आईवडिलांचा व्हिसा त्यातल्या त्यात लवकर हवा तर माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात, स्वस्तात हवा तर रांग तीस वर्षांच्या वर. अमेरिकेत नागरिक असलेल्या मुलाच्या आईला ग्रीन कार्ड मिळतं, पण कमाईची नोंद नसलेल्या म्हाताऱ्यांना पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण किमान लाख डॉलरचा आरोग्य विमा आपल्या खिशातून. सगळे कसून घासाघीस करतात. पण भाव तरी सांगतात. तू फी घेऊन भाव सांगत नाहीस. तुझ्याकडे पाहुणी म्हणून यायचं तर एका खेपेला सहा महिने, आणि इंग्लंडमध्ये सरकारी इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर बिल दीडपट. तेवढं तरी स्पष्ट लिहिलंय, त्याबद्दल तुझं कौतुक.

तेव्हा माझं मागणं दोनच ओळींचं आहे. ‘परदेशी आईवडिलांना प्रवेश नाही’ असं सरळ लिही आणि फी घेणं बंद कर. लोक रडतील, पण तीन हजार पौंड तरी वाचतील. नाहीतर ६५ च्या वरच्या आईबापांना धडधाकट असतानाच येऊ दे. विम्याचा हप्ता मुलाकडून घे, हमीपत्र पाचाऐवजी दहा वर्षांचं घे. तो देईल. आणि जो आईकडे परत आला, त्याची पेन्शन इतरांसारखी वाढव.

वेळ लागेल म्हणशील, तर वेळापत्रक आखायला तुम्हाला येतं, हे आम्ही पाहिलं आहे. २४ जुलै २०२५ ला आपल्या दोन देशांचा व्यापार करार झाला. तुमच्या व्हिस्कीवरचा आमचा आयातकर १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० टक्के करायचं ठरलं, एकेक पायरी आखून. ज्यांना कंपनी तात्पुरतं तिकडे पाठवते, त्यांना तीन वर्षं नॅशनल इन्शुरन्स माफ करायचंही ठरलं. बाटलीचा विचार झाला, कंपनीचा झाला, आता आईचाही कर. फक्त एक ध्यानात ठेव. काकू ८२ च्या आहेत, त्यांच्यासाठीचं वेळापत्रक दहा वर्षांचं आखू नकोस.

कळावे,
तुझी बिनपगारी,
एक शेजारीण